आडनाव तेवढं उरलं

"तो नासुटा न्हय, सर."

वाट दाखवणारा मुलगा हे माझ्या कानाशी येऊन, हळू आवाजात बोलला. बरोबरच्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नये एवढी काळजी त्याने घेतली होती, आणि तीच मला जास्त लागली. आंबोलीत जुलैची रात्र. धुकं दुपारपासूनच होतं, त्यामुळे अंधार नेमका कधी पडला ते कळलंही नव्हतं. रेनकोटाच्या टोपीवर पाऊस इतका जवळून वाजत होता की स्वतःचं बोलणंही दुसऱ्याचं वाटावं. पुण्याहून आलेलं एक चौकोनी कुटुंब आमच्याबरोबर होतं, आणि त्या मुलाने बॅटरीचा झोत करवंदीच्या जाळीवर टाकल्यावर त्यांच्यातल्या कुणालाच तिथे काही दिसलं नाही. मग झोत थोडा सरकला, आणि पानांच्या हिरव्यातून एक वेगळा हिरवा सुटा झाला. फांदीवर सैल घड्या घालून झोपलेला हरणटोळ. दिवसाचा साप, रात्री असा कुठल्याशा फांदीच्या शेंड्यावर विसावतो, आणि अंगावरच्या थेंबांमुळे झोतात लख्ख दिसतो. मी जाणत्या माणसाच्या आवाजात, गेली पंचवीस वर्षं म्हणत आलोय तसंच म्हणालो, "हा अहेतुल्ला नासुटा. आपला हरणटोळ. निमविषारी, घाबरायचं कारण नाही." कुटुंबाने माना डोलावल्या. आणि मग कानाशी ते वाक्य. "नासुटा आता फक्त श्रीलंकेत. हंयसर बोरिॲलिस."

खरं सांगायचं तर मला हे माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं. २०२० च्या शेवटी, सगळे घरात अडकलेले असताना, एका मित्राने हरणटोळांच्या नावांवरचा तो शोधनिबंध मला पाठवला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अशोक कुमार मल्लिक, कार्तिक शंकर, चेन्नईचे एस. आर. गणेश आणि त्यांचे सहकारी. मी तो उघडला, पहिली चार पानं वाचली, छायाचित्रं बघितली, आणि "नावं काय, बदलतच असतात" असं म्हणून मिटून ठेवला. वयाच्या एका टप्प्यावर माणूस नवीन काही शिकायचं टाळतो तेव्हा त्याला तो समजूतदारपणा म्हणतो. त्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने मात्र सगळा वाचला असणार. इंग्रजीत, अडखळत, शब्दकोश घेऊन. गाडीपाशी परत येईपर्यंत मी त्याला काही बोललो नाही. निघताना "बरोबर आहे तुझं" एवढं म्हणालो, आणि घाट उतरताना ते तरी नीट, मोकळेपणाने म्हटलं का, याचाच विचार करत राहिलो.

झालं होतं ते असं. भारताच्या द्वीपकल्पात, केरळपासून कोकणापर्यंत आणि पूर्वेला आंध्रापर्यंत, जो जो बारीक, हिरवा, टोकदार नाकाचा साप झाडाझुडपांवर दिसेल तो नासुटा, अशी दोनशे वर्षांची सोय होती. त्या मंडळींनी ठिकठिकाणचे साप घेतले, खवले मोजले, नाकाच्या टोकाची लांबी मोजली, डीएनए तपासला, आणि त्या एका नावाखाली कितीतरी वेगळी घराणी नांदत होती असं निघालं. एका फटक्यात पाच नव्या जाती. उत्तर सह्याद्रीतला बोरिॲलिस, त्याच्या दक्षिणेला फार्न्सवर्थी, मग मलबारिका, ट्रॅव्हनकोरिका. आणि तपकिरी हरणटोळ, ज्याला आपण पल्व्हरुलेंटा म्हणायचो, तोसुद्धा श्रीलंकेतल्यापेक्षा निराळा निघाला, त्याचा सह्याद्रेन्सिस झाला. मैदानी, उघड्या मुलखातल्या लांब नाकाच्या सापाला १८२५ साली थॉमस बेलने ऑक्सिरिंका म्हटलं होतं. ते नाव धूळ झटकून परत वापरात आलं. फ्रँक वॉल नावाच्या लष्करातल्या डॉक्टरने १९१० मध्ये इसाबेलिना म्हणून एक नुसता प्रकार नोंदवला होता. त्याला एकशे दहा वर्षांनी स्वतंत्र जातीचा मान मिळाला. नासुटा हे मूळ नाव मात्र श्रीलंकेकडे गेलं. हा नियम कठोर आहे, पण सरळ आहे. नाव ज्या पहिल्या सापाला ठेवलं त्याच्या मागे ते जातं. नंतर त्या नावाने कितीही जणांना हाका मारल्या असोत.

नकाशावर बघितलं तर कारण पटतं. सह्याद्री लांबून सलग भिंतीसारखा दिसतो, पण मध्ये पालघाटची मोठी खिंड आहे, शेनकोट्टाची आहे. झाडावरून झाडावर जाणाऱ्या जनावराला उघडं, कोरडं मैदान म्हणजे समुद्रच. अलीकडचे आणि पलीकडचे साप लाखो वर्षं एकमेकांना भेटलेच नाहीत. आतून ते बदलत गेले. बाहेरून मात्र हिरवी वेल दिसण्याचा धंदा इतका फायद्याचा की रूप कुणीच सोडलं नाही. आपली नजर रूपावर गेली, आणि रूपच फसवं होतं. फसवणं हेच तर त्या रूपाचं काम.

माझी आणि हरणटोळाची पहिली ओळख अर्थातच कुठल्याही लॅटिन नावाने झाली नव्हती. आजी सांगायची, कलमांखालून उघड्या डोक्यान जाव नको, हरणटोळ टाळयेर चावता. हे कोकणात सगळ्यांना सांगितलेलं असतं. फांदीवरून सुटतो, नेमका टाळूवर येतो, आणि मग माणूस पाणी मागत नाही. कुणी म्हणायचे टाळूवर, कुणी कपाळावर, कुणी थेट डोळ्यावर. मी टॉवेल डोक्याला गुंडाळून आंब्याखालून पळत जायचो. भीती खरी होती, पण तिच्यात मजाही होती. आज गेलो आणि वाचलो, असं रोज वाटायचं.

मी सात-आठ वर्षांचा असेन. पावसाळ्यातली सकाळ होती, आणि मागीलदारी जास्वंदीवर एक मोठा हरणटोळ निघाला. काकांनी काठी आणली. माझ्या डोळ्यासमोर आजही तो साप आहे तो काठी बसायच्या आधीचा: मानेखालचं अंग फुगवलेलं, आणि त्या फुगण्यामुळे हिरवे खवले एकमेकांपासून सुटून मधून काळ्या-पांढऱ्या तिरक्या रेघा उमटलेल्या, जणू हिरव्या सदऱ्याच्या आत कुणी चौकटीचं कापड लपवलं होतं. तोंड उघडं, आत गुलाबी. मग काठी. दोन घावांत तो खाली आला, तिसरा घाव पोटावर बसला, आणि पोटातून अंडी नाही, पिल्लं आली. पातळ पारदर्शक पडद्यात गुंडाळलेली, दोरे गुंडाळून ठेवावेत तशी. हरणटोळ अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देतो, हे मी खूप नंतर पुस्तकात वाचलं; पण कळलं ते तिथे, चिखलात. सहा होती. एकाने पडदा फाडला आणि इवलंसं टोकदार नाक वर केलं. काकांची काठी वर गेली ती तशीच राहिली. आजी पडवीतून खाली आली, पिल्लांकडे बघितलं, आणि म्हणाली, "पुरे." बास, एवढंच. मग आत जाऊन तिने देवापाशी दिवा लावला, सकाळी दहा वाजता. टाळूची गोष्ट मात्र तिने नंतरही सोडली नाही. त्याच संध्याकाळी मला टॉवेल गुंडाळायला लावला.

पुढे प्राणिशास्त्र घेतलं ते त्या सकाळीमुळे, असं म्हणणं नाटकी होईल. मार्क कमी पडले म्हणूनही घेतलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वरच्या फळीवर एक उंच बरणी होती, त्यात हरणटोळ. चिठीवर वळणदार अक्षरात, फिकट झालेल्या शाईत, "ड्रायोफिस नासुटस". ड्रायोफिस म्हणजे वृक्षसर्प. हे त्याचं आधीच्या काळातलं शास्त्रीय आडनाव. आणि बरणीतला साप हिरवा नव्हता. निळा होता, राखाडीकडे झुकलेला, फिका, आजारी निळा. मी सरांना विचारलं, हा दुसरा साप आहे का? सरांनी सांगितलेलं उत्तर मला अजून आवडतं. सापाच्या अंगात हिरवा असा रंग बहुधा नसतोच; वर पिवळं रंगद्रव्य असतं, खाली प्रकाश विखुरून निळा दाखवणारा थर, दोन्ही मिळून आपल्याला हिरवं दिसतं. द्रवात पिवळा विरघळून जातो. निळा उरतो. म्हणजे ज्याचा हिरवेपणा हीच ओळख, तो ओळखीसाठी जपून ठेवला की हिरवा राहत नाही. पुढे किती जणांनी अशाच निळ्या सापांचे खवले मोजून त्यांच्या जाती ठरवल्या असतील.

नोकरी बँकेत लागली. साप रविवारचे झाले. आम्ही तिघा मित्रांनी 'आपल्या परिसरातले साप' असं एक पोस्टर छापलं, पदरचे पैसे घालून, आणि शाळांमधून, ग्रामपंचायतींतून, चहाच्या टपऱ्यांवरून लावत फिरलो. चार विषारी लाल चौकटीत, निमविषारी पिवळ्या, बिनविषारी हिरव्या. हरणटोळ पिवळ्या चौकटीत. त्याच्याखाली मी स्वतः मजकूर लिहिला होता: "टाळूवर किंवा डोळ्यावर चावतो हा गैरसमज आहे." मग खाली, तिरप्या अक्षरात, शास्त्रीय नाव. गावोगाव भाषण करताना मी हरणटोळापाशी जरा जास्तच रेंगाळायचो. त्याचे विषदंत जबड्यात मागे असतात, पाल-सरडे-बेडूक यांच्यापुरतं ते विष असतं, माणसाला फार तर सूज येते. हे मी अनुभवाने सांगायचो, कारण एकदा सोडवताना डाव्या हाताच्या करंगळीला त्याने धरून ठेवलं होतं, चघळल्यासारखं. बोट बधिर झालं, सुजलं, तिसऱ्या दिवशी सही करता येऊ लागली. डाव्या हाताने मी सही करत नाही, पण भाषणात हे वाक्य चालायचं.

आणि डोळे. पोस्टरवर डोळ्यांबद्दल लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून ते तोंडी सांगायचो. हरणटोळाची बाहुली उभी नाही, गोलही नाही. आडवी, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी. डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंनी एकेक खाच गेलेली, बंदुकीच्या नेमासारखी. त्यामुळे त्याला दोन्ही डोळ्यांनी एकच गोष्ट समोरून बघता येते, अंतराचा अंदाज घेता येतो. सापांत हे फार थोड्यांना जमतं. तुम्ही त्याच्याकडे बघता तेव्हा तो तुमच्याकडे बघतोय याची खात्री पटते. मांडी घातलेल्या नागाचंही तसं वाटत नाही. वारा नसताना तो अंगाचा पुढचा भाग हवेत ताणून हलकेच डुलतो, फांदी डुलल्यासारखा, आणि जीभ बाहेर काढून लवलव न करता काडीसारखी ताठ धरून ठेवतो. एवढा वेळ जीभ बाहेर धरून बसलेलं जनावर आपल्याकडे रोखून बघत असेल, तर आजीने त्याच्यावर डोळ्याची गोष्ट रचली यात आजीची चूक किती?

आंबोलीहून परतल्यावर मी तो शोधनिबंध शेवटपर्यंत वाचला. दोन रात्री गेल्या. मग हट्टाला पेटलो. घरामागच्या कुंपणावर मागच्या वर्षी मिळालेली हरणटोळाची कात मी एका वहीत दाबून ठेवली होती. ती काढली. कातेला रंग नसतो, पण खवले सगळे असतात. पोटाचे रुंद पट्टे एकामागून एक, रेल्वेच्या स्लीपरांसारखे, आणि ते मोजणं ही जात ओळखण्याची एक जुनी, भरवशाची पायरी. टेबलावर काळा कागद, वर कात, चष्मा, टाचणी. अंगाच्या मध्यावर आडव्या ओळी पंधरा आल्या, तिथवर ठीक. हरणटोळांच्या त्या पंधराच असतात. मग पोटाचे पट्टे. पहिल्यांदा १७२. पुन्हा मोजले, १६९. मानेपाशी कात चुरगळली होती, तिथे पहिला पट्टा कुठला धरायचा यावर सगळं अडत होतं. तिसऱ्यांदा मोजताना १७४ झाले आणि बायको म्हणाली, "पाचशेच्या नोटा मोजताना असंच करायचास का?" नाकाचं टोक तर कातेत दुमडून गेलं होतं. घाटाच्या पायथ्याशी आहे आमचं घर. जंगलातला बोरिॲलिस इथवर उतरत असेल, ऑक्सिरिंकाही असू शकेल. माझ्या कुंपणावरून जाणाऱ्या सापाचं नाव मला सांगता येईना.

एक मात्र झालं. नावांच्या मागे लागल्यावर मी आडनावापाशी पोचलो. लॅटिन नावाची रीत आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी: आडनाव आधी, नाव नंतर. अहेतुल्ला हे आडनाव. मी ते पंचवीस वर्षं उच्चारत आलो, आणि एकदाही विचारलं नाही की हा शब्द कुठला. लॅटिन असेल, ग्रीक असेल, असं गृहीतच धरलं होतं. तो सिंहली आहे. श्रीलंकेतल्या माणसांचा साधा बोलीतला शब्द, आणि त्याचा अर्थ, डोळे उपटणारा. प्राण्यांना अशी दोन-दोन नावं ठेवणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये तो कानावर आलेला शब्द एका सापाला दिला, आणि तिथेही घोळ; ते नाव आज दक्षिण अमेरिकेतल्या एका वेगळ्याच हिरव्या सापाच्या दुसऱ्या नावात जाऊन बसलंय, ज्याने श्रीलंका स्वप्नातही पाहिली नसेल. मधल्या काळात तेच आडनाव आपल्या रुका सापाकडेही राहून आलं, आणि हरणटोळ तेव्हा ड्रायोफिस होता. शेवटी ते फिरून हरणटोळाकडे आलं. गैरसमज आहे, गैरसमज आहे, असं मी माईकवरून सांगत होतो आणि त्याच दमात, शास्त्रीय नाव म्हणून, आजीचंच म्हणणं पुन्हा सांगत होतो. नासुटा म्हणजे नुसता लांब नाकाचा, निरुपद्रवी शब्द. तो श्रीलंकेत राहिला.

मला हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

पोस्टरं आता फारशी उरलेली नाहीत. पण घाटाखालच्या एका शाळेच्या व्हरांड्यात एक अजून आहे, हे मला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात गेलो, खिशात पांढऱ्या चिकटपट्टीच्या पट्ट्या आणि काळं पेन घेऊन. मधली सुट्टी होती. पोस्टरचे खालचे कोपरे वाळवीने खाल्लेले, लाल चौकट उन्हाने गुलाबी झालेली. हरणटोळाच्या अंगातला पिवळा छपाईतूनही उडाला होता. तो बरणीतल्यासारखा निळसर दिसत होता. बाईंनी स्टूल दिलं. मी "नासुटा"वर पट्टी चिकटवली, पेनाचं टोपण काढलं, आणि थांबलो. हा फोटो मी कुठे काढला होता? रोलच्या कॅमेऱ्याचे दिवस, त्या वर्षीच्या वहीत एवढंच आहे, "हरणटोळ, १ नग, मोठा." आंबोली असेल. राधानगरीही असेल. एका पावसाळ्यात कोल्हापूरच्या पुढे उघड्या माळावर बाभळीवर एक मिळाला होता, तोही असू शकेल. फोटोत नाक लांब वाटतं. पण फोटोत नाक काय, कोनावर असतं.

खाली पाच-सहा मुलं जमली होती. एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "काय चुकलेलां त्याच्यात?"

"नाव," मी म्हणालो.

तिने मोठ्याने वाचलं, बोट हवेत धरून, अक्षर अक्षर सोडवत. "अ-हे-तु-ल्ला." मग वरची ओळ वाचली, टाळूवर किंवा डोळ्यावर चावतो हा गैरसमज आहे. मग परत खाली, पांढऱ्या पट्टीकडे. "आणि फुडला नाव?"

मी पेनाला टोपण लावलं आणि स्टुलावरून उतरलो.